३२ बिट डेबियन: जुन्या लॅपटॉपांची शेवटची सोबत

९ ऑगस्ट २०२५ रोजी 'डेबियन १३' ही लिनक्स प्रणाली प्रसिद्ध झाली. ट्रिक्सी हे तिचे नाव. तिच्या प्रकाशन-टिपणात एक छोटा परिच्छेद होता. ३२ बिट पीसींसाठीचे आय-३८६ हे यापुढे नेहमीचे आर्किटेक्चर मानले जाणार नाही, त्यासाठी कर्नेल नसेल आणि इन्स्टॉलरही नसेल, असे त्यात म्हटले होते. ज्यांच्याकडे ३२ बिट यंत्रे आहेत त्यांनी या आवृत्तीवर येऊ नये. प्रोसेसर चालत असेल तर ६४ बिट आवृत्ती नव्याने टाकावी, नाहीतर ते यंत्र निवृत्त करावे. जगभरच्या स्वयंसेवकांनी तीस वर्षांहून अधिक काळ वाहिलेले एक काम तिथे संपले.

या निधनाची बातमी वर्तमानपत्रात आली नाही. पण ज्यांनी कधी कुणाचा दहा-पंधरा वर्षांचा लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याला पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांच्या घरातले एक वडीलधारे माणूस गेले आहे. बाकी सगळ्यांनी हात टेकल्यावर शेवटी जी सीडी लावली जायची, ती हिची असायची. म्हणून हा श्रद्धांजलीचा लेख.

हिचे मूळ एका चिपमध्ये आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये इंटेलने ८०३८६ जाहीर केली. तिच्यात पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर होते आणि ३२ बिटांची रजिस्टरे होती. स्मृतीची पाने पाडून एकेका प्रोग्रॅमला त्याची स्वतंत्र जागा देणारी व्यवस्थाही तिच्यात होती. मोठ्या संगणकांवर चालणारे काम घरातल्या टेबलावर आणण्याची ताकद या चिपमध्ये होती. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ३८६ चा पीसी घेतला. चिप एका कामावरून दुसऱ्या कामावर कशी उडी मारते हे तपासता तपासता त्याने जे लिहिले त्यातून लिनक्स उभी राहिली. १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉकने डेबियनची घोषणा केली. हे वितरण कोणत्याही कंपनीचे नसेल, ते सर्वांनी मिळून आणि उघडपणे बांधायचे, अशी त्यामागची कल्पना होती. जून १९९६ मध्ये 'बझ' ही आवृत्ती आली ती फक्त आय-३८६ साठी. जुलै १९९८ च्या 'हॅम'मध्ये मोटोरोलाच्या चिपांनाही जागा मिळाली, तोवर डेबियन म्हणजेच आय-३८६. पुढे जी डझनभर आर्किटेक्चरे आली, ती सगळी या थोरल्या बहिणीमागून आली.

खरी ३८६ चिप स्वतः यातून फार आधीच बाहेर पडली होती. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या कर्नेलमधून तिच्यासाठीचा कोड काढला गेला. डेबियनमध्ये किमान पातळी टप्प्याटप्प्याने वर गेली, आणि २०१७ च्या 'स्ट्रेच'पासून पेंटियम प्रोच्या पिढीची चिप लागू लागली. नाव मात्र आय-३८६ च राहिले. त्या नावाखाली पेंटियम, सेलेरॉन, अॅथलॉन, पेंटियम एम, अॅटम अशी चिपांची कितीतरी कुटुंबे नांदली.

आपल्याकडे ३२ बिट डेबियनशी गाठ पडली ती बहुधा लॅपटॉपांमुळे. मार्च २००३ मध्ये इंटेलने 'सेंट्रिनो'च्या झेंड्याखाली पेंटियम एम आणला. कमी वीज पिणारी आणि कमी तापणारी ही चिप थिंकपॅड टी-४०, एक्स-४० यांसारख्या लॅपटॉपांत बसली. जानेवारी २००६ मध्ये कोअर ड्युओ आला, तोही ३२ बिटच. २००७ च्या अखेरीस आसूसने सात इंची पडद्याचा ई-पीसी ७०१ काढला. ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबीची डिस्क असलेल्या या छोट्या यंत्राने नेटबुकांची लाट आणली, आणि २००८ च्या अॅटम एन-२७० ने ती घरोघर नेली. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि शहरोशहरीच्या सेकंडहँड बाजारात येत. कॉलेजची पोरे, छोटे दुकानदार, शिकवण्या घेणाऱ्या बाई, तालुक्याच्या गावातले पत्रकार ते घेत. बहुतेकांवर विंडोज एक्सपी असायची.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार थांबवला. एका दिवसात त्या यंत्रांचे काहीच बिघडले नाही. कीबोर्ड चालत होता, पडदा उजळत होता. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले. मग हळूहळू ब्राउझर अद्ययावत होईना, बँकेचे पान उघडेना, अँटिव्हायरस नकार देऊ लागला. विंडोज ८ टाकावी म्हटले तर तिला प्रोसेसरमध्ये पीएई, एनएक्स आणि एसएसई-२ या तिन्ही सोयी हव्या होत्या. पहिल्या पिढीचे पेंटियम एम तिथेच बाद झाले. दुकानात उत्तर ठरलेले असायचे, 'काका, याला आता काही होणार नाही, नवीन घ्या.' नवीन घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी ३२ बिट डेबियन होती.

ती टाकणे सोपे नव्हते, आणि तिची खरी ओळख त्या खटाटोपातच होते. पहिला अडसर बूट करण्याचाच. त्या काळच्या अनेक लॅपटॉपांच्या बायोसला पेनड्राइव्हवरून बूट करता येत नसे, आणि सीडी ड्राइव्हची लेन्स धुळीने आंधळी झालेली असे. मग दुसऱ्या कुठून तरी बाहेरचा ड्राइव्ह आणायचा, किंवा 'प्लॉप'सारखा छोटा बूट मॅनेजर आधी चालवून त्याच्यामार्फत पेनड्राइव्ह वाचायला लावायचा. डेबियनची नेटइन्स्टॉल प्रतिमा सुरुवातीपासून एका साध्या सीडीवर मावेल एवढी ठेवली गेली होती. बाकीचे सारे इंटरनेटवरून, लागेल तेवढेच. ज्यांच्याकडे डीव्हीडी ड्राइव्ह नाही, त्यांचाही विचार कुणीतरी केलेला होता.

दुसरा अडसर पीएईचा. ३२ बिटांत चार जीबीपर्यंतच स्मृतीचे पत्ते लिहिता येतात. १९९५ च्या पेंटियम प्रोने ३६ बिटांची पत्त्याची सोय आणली, तीच पीएई. पुढे अनेक वितरणांनी फक्त पीएईवाला कर्नेल देणे सुरू केले, उबुंटूने २०१२ च्या अखेरीस. पण ४०० मेगाहर्ट्झ बसच्या पेंटियम एमची त्रासाची बाब अशी की चिपमध्ये पीएई असते, फक्त ती आहे असे चिप सांगत नाही. इन्स्टॉलर सुरू करताच काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, की या प्रोसेसरमध्ये पीएई नाही, योग्य तो कर्नेल वापरा. लोक तिथेच यंत्र बंद करून भंगारात काढत. २०१४ च्या सुमारास लिनक्समध्ये 'फोर्सपीएई' हा शब्द आला. बूटच्या ओळीत तो लिहिला की कर्नेल चिपचे मौन बाजूला ठेवून पीएई वापरू लागतो. डेबियनला तर त्याचीही गरज नव्हती. तिने पीएईशिवायचा ६८६ कर्नेल २०२३ च्या 'बुकवर्म'पर्यंत वेगळा बांधून दिला. एका कर्नेलऐवजी दोन बांधायचे, दोन्ही तपासायचे, दोन्हीच्या सुरक्षा दुरुस्त्या काढायच्या, आणि हे सगळे वीस वर्षांपूर्वीच्या मूठभर चिपांसाठी. हिशोबात न बसणारे हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले.

कर्नेल चालू झाला की पडदा काळा व्हायचा. इंटेलच्या ८५५ जीएम या चिपसेटमधल्या ग्राफिक्सने या बाबतीत पुष्कळांना रडवले आहे. बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहायचे, अक्षरी पडद्यावर काम पुरे करायचे, आणि ग्राफिक्सकडे नंतर वळायचे. मग वायफाय. सेंट्रिनोच्या २२०० बीजी या कार्डाला स्वतःचे फर्मवेअर लागते, आणि ते मुक्त नसल्यामुळे डेबियन ते इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. तत्त्वाला धरून राहण्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागे. म्हणून लॅनची तार किंवा फर्मवेअर भरलेला दुसरा पेनड्राइव्ह जवळ ठेवायचा, हा नियमच होता. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचा निर्णय केला, आणि तो पहिल्यांदा बुकवर्ममध्ये आला. आय-३८६ यंत्रांसाठी इन्स्टॉलर असलेली हीच शेवटची आवृत्ती. इतक्या वर्षांची ती अडचण निघाली आणि निरोपाची वेळ आली.

सगळ्यात फसवी अडचण घड्याळाची. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ चा छोटा सेल मेलेला असतो, त्यामुळे यंत्र स्वतःला २००२ सालात समजते. वरवर पाहता इंटरनेट नीट जोडलेले असते, पण प्रत्येक सुरक्षित पान 'प्रमाणपत्र वैध नाही' म्हणते आणि पॅकेजची यादी 'अजून लागू झालेली नाही' म्हणून नाकारली जाते. नवशिक्या माणूस नेटवर्क तपासत बसतो, वायफायला दोष देतो, पुन्हा फॉरमॅट मारतो. उपाय एवढाच, की आधी तारीख नीट करायची आणि मग सेल बदलायचा. जुन्या लॅपटॉपांनी शिकवलेला हा मोठा धडा आहे. दिसणारी तक्रार आणि खरे दुखणे यांची जागा एक नसते. घाईने फॉरमॅट मारणाऱ्याला हे कळत नाही, शांतपणे संदेश वाचणाऱ्याला कळते. डेबियन हे संदेश लपवत नसे. बूट होताना ओळींमागून ओळी सरकत आणि त्यातच कुठेतरी उत्तर लिहिलेले असे. १९९७ मध्ये मान्य केलेल्या आपल्या सामाजिक करारात डेबियनने 'आम्ही अडचणी लपवणार नाही' असे वचन दिले आहे. जुन्या यंत्रावर काम करताना त्या वचनाचा अर्थ उमगतो.

स्मृती कमी असली की इन्स्टॉलर आपणहून अंग चोरून घेई. अनावश्यक भाग टाकून देई आणि थोडक्या जागेत काम उरकत असे. आत मोठा डेस्कटॉप टाकायचा नाही, एलएक्सडीई किंवा आइसडब्ल्यूएम पुरे, आणि स्वॅपसाठी थोडी जागा सोडायची. अशा यंत्रावर लिब्रेऑफिसमध्ये अर्ज लिहिता येई, गाणी ऐकता येत, पायथन शिकता येई. पाच पाने एकदम उघडण्याचा हट्ट धरला नाही तर वर्तमानपत्र वाचता येई. बुकवर्ममध्ये साठ हजारांहून अधिक पॅकेजे होती, आणि त्यातली बहुतेक सगळी २००४ च्या लॅपटॉपसाठीही तितक्याच काळजीने बांधलेली होती. गरिबाचे यंत्र म्हणून त्याला दुय्यम माल दिलेला नव्हता.

मराठीशीही तिचे नाते आहे. फेब्रुवारी २००९ च्या 'लेनी'मध्ये डेबियनच्या इन्स्टॉलरला ज्या नव्या भाषा मिळाल्या त्यात मराठी होती. पहिल्याच पडद्यावर भाषांच्या यादीत 'मराठी' निवडायचे आणि पुढचे सगळे प्रश्न मराठीत वाचायचे. तेव्हा सर्वसाधारण शिकवणीत संगणक म्हणजे इंग्रजी असे धरले जाई, त्यामुळे याचे मोल मोठे होते. पण त्यातही एक बोचणारी गोष्ट होती. देवनागरी जोडाक्षरे फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्येच दाखवता येत, आणि रॅम अगदी कमी असली की इन्स्टॉलर जागा वाचवण्यासाठी भाषांतरेच टाकून देत असे. म्हणजे यंत्र जितके जुने, तितकी त्यावर पहिल्या पडद्याला मराठी दिसण्याची शक्यता कमी. एकदा प्रणाली उभी राहिली की लोहित फाँट आणि इनस्क्रिप्टची मांडणी घालून मराठी लिहिता येई. ज्यांच्याकडे सगळ्यात जुने यंत्र होते त्यांना भाषा सगळ्यात उशिरा भेटली, तरी भेटली.

जीओड या चिपचीही आठवण इथे काढायला हवी. एएमडीची ही कमी विजेची चिप 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाच्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ-१ मध्ये होती. भारतात या लॅपटॉपचा पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत झाला. त्या यंत्राची मूळ प्रणाली फेडोरावर बेतलेली होती, पण चिप आय-३८६ च्याच घराण्यातली, आणि डेबियनही तिच्यावर चालवता येत असे. २०२३ च्या बुकवर्मने किमान पातळी जराशी वर नेली. 'लाँग नॉप' नावाची एक सूचना ज्या चिपला येत नाही तिला त्यांनी सोडले, आणि जीओड गेली. थोरल्या निरोपाच्या आधीचा हा एक धाकटा निरोप होता.

मग हे का संपले? कारण शोधले तर कुणी खलनायक सापडत नाही. ६४ बिट पीसीची सुरुवात एएमडीने २००३ मध्ये केली. २००६ च्या कोअर २ ड्युओपासून लॅपटॉपही त्या वाटेला लागले, आणि २०१० नंतरचे अॅटमही. जसजशी नवी यंत्रे ६४ बिट झाली तसतसे ३२ बिटांवर रोज काम करणारे विकसक कमी झाले. जो ते वापरत नाही त्याच्या हातून तपासणी सुटते. उबुंटूने २०१७ मध्ये ३२ बिट डेस्कटॉप प्रतिमा काढणे थांबवले, आर्चने त्याच वर्षी, फेडोराने २०१९ मध्ये. बाकीचे गेले तसा डेबियनवरचा भार वाढत गेला.

त्या भाराचे स्वरूपही समजून घ्यायला हवे. एका ३२ बिट प्रक्रियेला चार जीबीच्या पलीकडची स्मृती दिसतच नाही, आणि आजचा एखादा ब्राउझर बांधायला त्याहून जास्त लागू शकते. बांधणी अर्ध्यात कोसळते, आणि मग कुणीतरी रात्र जागवून तिचे तुकडे पाडतो. जुन्या एक्स-८७ गणितयंत्रणेत दशांश संख्या ८० बिटांत धरल्या जातात आणि स्मृतीत ठेवताना ६४ बिटांत कापल्या जातात. त्यामुळे शेवटचा अंक इतर यंत्रांपेक्षा वेगळा येतो, आणि सगळीकडे उत्तीर्ण होणारी चाचणी नेमकी आय-३८६ वर नापास होते. चूक प्रोग्रॅमची नसते, तरी ती सोडवायला माणूस लागतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला दोष उघड झाला तेव्हा ६४ बिट लिनक्सला संरक्षण लगेच मिळाले. ३२ बिटांसाठीचे काम मुख्य कर्नेलच्या प्रसिद्ध आवृत्तीत यायला त्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. सुरक्षेच्या बाबतीत उशीर म्हणजे धोका. ज्या यंत्राला आपण जगवतो आहोत त्यावर कुणीतरी आपल्या बँकेचे काम करणार आहे, आणि त्याला खोटा भरवसा देणे हा गुन्हा ठरला असता.

म्हणून निर्णय झाला तोही उघडपणे. २०२३ च्या हिवाळ्यात केंब्रिजमध्ये डेबियनची वेगवेगळी पथके जमली. कर्नेल, इन्स्टॉलर आणि प्रतिमा बनवणारे लोक आय-३८६ चा आधार लवकरच थांबवतील, असे डिसेंबरमध्ये सर्वांना कळवले गेले. ट्रिक्सी आली त्याच्या दीड वर्षाहून अधिक काळ आधी. कुणावर नवे यंत्र विकत घेण्याचा दबाव नव्हता, कुणाच्या विक्रीचे आकडे मागे नव्हते. काम करणारे हात उरले नाहीत हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आणि तयारीला वेळ दिला. एखाद्या कामाचा शेवट कसा करावा याचे हे उदाहरण मला मोलाचे वाटते.

तिचे काही अवशेष अजून आहेत. आय-३८६ ची पॅकेजे संग्रहात आहेत, पण ती ६४ बिट प्रणालीच्या आत जुने ३२ बिट प्रोग्रॅम आणि खेळ चालवण्यापुरती. त्या जुन्या प्रोग्रॅमांशी जुळवून राहण्यासाठीच तिच्या काळमोजणीला हात लावला गेला नाही. बाकी ३२ बिट घराण्यांना ट्रिक्सीत ६४ बिटांची वेळ मिळाली, हिला जुनीच ठेवली. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद ३२ बिटांत मावतात ते सुमारे २१४ कोटी ७४ लाखांपर्यंत. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती मोजणी संपेल. त्यापुढचा सेकंद लिहायला तिच्याकडे जागा नाही.

ज्यांच्याकडे आजही असे यंत्र चालू आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. बुकवर्मची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत ठरलेली आहे. मोझिलानेही ३२ बिट लिनक्ससाठीचा फायरफॉक्स थांबवण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले, त्यामुळे इंटरनेटवरच्या कामासाठी त्या यंत्रावर फार काळ विसंबता येणार नाही. लिखाण, संगीत, जुन्या कागदपत्रांची साठवण, मुलांना टर्मिनल शिकवणे, ही कामे ते करत राहील. पण आधी एक तपासणी जरूर करावी. पुष्कळ लोकांनी एक-दोन जीबी रॅम पाहून ६४ बिट प्रोसेसरवरही ३२ बिट डेबियन टाकली होती. प्रोसेसरच्या माहितीत 'एलएम' ही खूण दिसली तर ते यंत्र ६४ बिट चालवू शकते, आणि त्याच्यासाठी ट्रिक्सीचे दार उघडे आहे. खूण नसेल आणि यंत्र खरोखर थकले असेल, तर ते अंगणात कुजत ठेवू नये. अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे, कारण त्यातल्या शिशाचा आणि बॅटरीचा त्रास पुढच्यांना होतो.

इयन मर्डॉक २८ डिसेंबर २०१५ रोजी गेला. त्याने सुरू केलेल्या कामाचा सगळ्यात जुना हात २०२५ मध्ये थांबला. एका यंत्राचे आयुष्य किती, हे ते विकणाऱ्याने ठरवायचे की ते सांभाळणाऱ्यांनी, हा प्रश्न ३२ बिट डेबियनने तीन दशके आपल्या कामातून विचारला, आणि उत्तरही कामातूनच दिले. जोवर कुणीतरी सांभाळायला तयार आहे तोवर यंत्र जुने असले तरी निरुपयोगी नाही. सांभाळणारे कमी पडले की ते कबूल करायचे आणि वापरणाऱ्याला वाट दाखवून मगच दूर व्हायचे.

तो प्रश्न आज पुन्हा दारात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ट्रिक्सीनंतर दोनच महिन्यांनी, विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवे, आणि इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. २०१६-१७ साली घेतलेले, उत्तम चालणारे लॅपटॉप त्यामुळे पुन्हा दुकानात 'काही होणार नाही' हे ऐकू लागले आहेत. पण ते सगळे ६४ बिट आहेत आणि त्यांच्यासाठी डेबियन पूर्ण ताकदीने उभी आहे. पीएई, नोमोडसेट, फर्मवेअर, मेलेला सेल यांच्याशी झगडून ज्यांनी ३२ बिट यंत्रे जगवली, त्यांच्या हातात आता हे काम आहे. महाविद्यालयांत, वाचनालयांत, गावच्या शाळांत असे लॅपटॉप धूळ खात पडण्याआधी त्यांनी पुढे व्हावे, संदेश शांतपणे वाचावेत, आणि शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला ते वाचायला शिकवावे. ३२ बिट डेबियनला वाहायची तर हीच श्रद्धांजली आहे. ज्यांनी ती बांधली त्या शेकडो स्वयंसेवकांचे आभार मानावेत आणि कामाला लागावे.